फोनची जाडी आणि प्रकाशाचा हिशेब
नवा स्मार्टफोन बाजारात येण्याआधी त्याच्या कॅमेऱ्याविषयी जी हवा तयार होते, तिच्यात मेगापिक्सेलचा आकडा सर्वांत पुढे असतो. कॅमेऱ्याची गुणवत्ता जोखताना मात्र याच आकड्याचा उपयोग सर्वांत कमी होतो. २००० साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या शार्पच्या फोनचा कॅमेरा जेमतेम ०.११ मेगापिक्सेलचा होता आणि २०२१ मध्ये सॅमसंगने २०० मेगापिक्सेलचा संवेदक, म्हणजे प्रकाशाचे विद्युत्संकेतांत रूपांतर करणारी चिप, जाहीर केला. अशा संवेदकांतला एकेक पिक्सेल सुमारे ०.६ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो. प्रकाश तरंगरूप असल्यामुळे अगदी निर्दोष भिंगही एखाद्या बिंदूची प्रतिमा बिंदूएवढी न ठेवता तिची लहानशी चकती करते; भिंगाचे छिद्र एफ १.७ इतके मोठे असले तरी हिरव्या प्रकाशाची ही चकती सव्वादोन मायक्रॉनच्या घरात जाते, म्हणजे पिक्सेलच्या जवळजवळ चौपट रुंद होते. म्हणूनच असे फोन एरवी शेजारशेजारचे १६ पिक्सेल एकत्र धरून साडेबारा मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतात, आणि त्यात गैर काही नाही.

खरा प्रश्न प्रकाश किती गोळा होतो, हा आहे. सोनीचा जो संवेदक शाओमीने २०२२ मध्ये आपल्या १२ एस अल्ट्रा या फोनात बसवला, तो ‘एक इंची’ म्हणून ओळखला जात असला तरी प्रत्यक्षात सुमारे १३.१ बाय ९.८ मिलिमीटरचा आहे. व्यावसायिक छायाचित्रकारांच्या फुलफ्रेम कॅमेऱ्यातील संवेदकाचे क्षेत्रफळ त्याच्या सुमारे पावणेसात पट भरते. संवेदक मोठा केला की त्याच्यावर तेवढीच मोठी प्रतिमा पाडण्यासाठी भिंग त्याच्यापासून दूर न्यावे लागते, आणि ग्राहकाला तर फोन सडपातळ हवा असतो. पाठीवरचा कॅमेऱ्याचा फुगवटा ही या ओढाताणीतली तडजोड होय. दूरचे दृश्य जवळ आणणाऱ्या भिंगाची अडचण पेरिस्कोप रचनेने बरीचशी सोडवली: लोलक प्रकाशाला काटकोनात वळवतो आणि भिंगांची रांग फोनच्या जाडीऐवजी त्याच्या रुंदीत आडवी बसते.

जिथे भिंग थांबते, तिथून गणित सुरू होते. रात्रीच्या छायाचित्रासाठी फोन एका पाठोपाठ एक अनेक प्रतिमा टिपतो, हाताच्या थरथरीने सरकलेल्या प्रतिमा एकमेकींवर जुळवतो आणि त्यांची सरासरी काढतो; दृश्य प्रत्येक प्रतिमेत तेच राहते, पण त्यावरील दाणेदार गोंगाट यादृच्छिक असल्यामुळे नऊ प्रतिमांच्या सरासरीत तो सुमारे एक तृतीयांशावर येतो. गूगलने २०१८ मध्ये पिक्सेल फोनांत आणलेली ‘नाइट साइट’ ही सोय याच तत्त्वावर उभी आहे. दृश्य स्थिर असेल तोवर हा हिशेब चोख बसतो. दिवेलागणीला घरात धावणारे मूल टिपताना मात्र प्रत्येक प्रतिमेत त्याचा हात निराळ्या जागी असतो, जुळवणी फसते आणि छायाचित्रात बोटे पुसट होतात. येत्या फोनांकडून सुधारणेची अपेक्षा धरायची तर ती इथे धरावी, कारण या सुधारणेसाठी एकाच क्षणात अधिक प्रकाश पकडणारा संवेदक लागतो. प्रकाश टिपणारा भाग आणि ट्रान्झिस्टर वेगवेगळ्या थरांत ठेवून त्याच आकाराच्या पिक्सेलमध्ये अधिक विद्युतभार साठवण्याची रचना सोनीने २०२१ च्या अखेरीस जाहीर केली, ती याच दिशेची.

गणिताची दुसरी वाट अधिक निसरडी आहे. सॅमसंगच्या फोनांतून घेतलेल्या चंद्राच्या छायाचित्रांवरून २०२३ मध्ये वाद झाला, तो मुद्दाम धूसर केलेल्या चंद्रप्रतिमेचे छायाचित्र घेतले असताही फोनने तीत विवरांचे तपशील भरल्याचे दिसून आल्यामुळे. चंद्र ओळखून तपशील ठळक करणारी प्रणाली फोनात असल्याचे कंपनीने त्यावर स्पष्ट केले. तेव्हापासून झूम वाढवताना नसलेला तपशील रचून देणारी साधने आणखी समर्थ झाली आहेत, आणि त्याच फोनांत छायाचित्र कसे तयार झाले याची नोंद छायाचित्रासोबतच जोडण्याची पद्धतही रुजू लागली आहे. नव्या फोनची जाहिरात वाचताना संवेदकाचा आकार जसा शोधावा, तशी ही नोंद मिळते की नाही, हेही पाहावे.