आधी पट्टा, मग घाट

गाडीवर गाडी चढवणे आपल्याला नवे नाही. कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रक सपाट डब्यांवर घेऊन रत्नागिरीवरून नेते. पण रस्त्याने साइडकारची मोटारसायकल ट्रेलरवर न्यायची, तर ती नीट बांधायला हवी.

ही गाडी तीन चाकांवर आपली आपण उभी राहते. तिथेच आपण फसतो. उभे राहणे वेगळे आणि जागेवर राहणे वेगळे. कोल्हापूरच्या वाटेवर आंबा घाट लागतो. वळणावर ओझे बाहेर झुकते. ब्रेक दाबला की पुढे रेटते. सुटलेली गाडी मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते.

मग कसे बांधायचे? आधी वजन पाहू. मोटारसायकल जड, साइडकार हलकी. म्हणून जड बाजू ट्रेलरच्या मध्याजवळ घेऊ. ओझे ट्रेलरच्या चाकांच्या थोडे पुढे ठेवू. मागे गेले तर ट्रेलर शेपटीसारखा डुलतो.

पहिला गिअर घालू. पेट्रोलची तोटी बंद करू. तिन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावू. दोन पट्टे पुढून, दोन मागून, तिरके ओढून चारी कोपऱ्यांना आवळू. पाचवा पट्टा साइडकारला. तो लोखंडी सांगाड्याला बांधायचा, पत्र्याला नाही.

थोडे अंतर गेल्यावर पट्टे सैल पडतात. म्हणून पालीला थांबू, साखरप्याला पुन्हा थांबू. हाताने ओढून बघू. पाच मिनिटे जातील, पण माणूस वाचेल.