तटस्थ देशावरील चढाई : पटावर आणि प्रत्यक्षात

बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात. त्यांपैकी एकही घर तटस्थ नसते. मोकळे घर हे केवळ मोकळे असते, व तेथे जो आधी पोहोचेल त्याचे ते होते. विसाव्या शतकात प्रत्यक्ष जगाच्या नकाशावर खेळावयाचे युद्धखेळ निघाले, तेव्हा मात्र जे देश युद्धात उतरलेच नाहीत त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न खेळ रचणाऱ्यांपुढे उभा राहिला.

अमेरिकेतील अ‍ॅलन कॅल्हॅमर यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या 'डिप्लोमसी' या खेळात ३४ रसदकेंद्रे आहेत. त्यांपैकी १२ केंद्रे बेल्जियम, नॉर्वे, बल्गेरिया अशा तटस्थ प्रदेशांत आहेत. त्यांना स्वतःचे सैन्य नाही. जो आधी शिरेल त्याची ती होतात. दुसऱ्या महायुद्धावर आधारलेल्या 'अ‍ॅक्सिस अँड अलाइज' या खेळाच्या १९८४ च्या आवृत्तीत तटस्थ देशात शिरण्यासाठी ३ नाणी भरावी लागत. म्हणजे येथे तटस्थता ही जकातनाक्यासारखी होती : जकात भरावी आणि पुढे जावे.

याच खेळाच्या पुढे निघालेल्या १९४० सालच्या जागतिक मांडणीत हा हिशेब पार बदलला. तीत तुर्कस्तानाला पायदळाच्या ८, तर स्पेन व स्वीडन यांना प्रत्येकी ६ सोंगट्या दिलेल्या आहेत. परंतु खरी मेख पुढेच आहे. निखळ तटस्थ अशा एका देशावर कोणी चढाई केली, की उरलेले सर्व निखळ तटस्थ देश त्याच्या शत्रूकडे झुकतात. मग शत्रूने पायदळाची एक सोंगटी त्या देशात नेली, की तेथील सारे सैन्य न लढता त्याचे होते.

समजा, दोस्त राष्ट्रांनी फ्रान्सकडे जाण्याची वाट म्हणून स्पेन घेतला. त्यांनी तेथील ६ सोंगट्यांचा पाडाव केला खरा. पण स्वीडन आणि तुर्कस्तान मिळून १४ सोंगट्या जर्मनीच्या पदरात पडण्याचा मार्ग त्यांनीच मोकळा केला. म्हणून जाणता खेळाडू प्रथम तीन गोष्टी पाहतो. जो देश घ्यावयाचा तो कोणती वाट उघडून देतो? जे देश बिथरतील त्यांच्यापर्यंत शत्रू पोहोचू शकतो काय? आणि त्याच्या आधी आपणच तेथे पोहोचू काय? शत्रूचे हात बांधले गेल्यावर, खेळाच्या उत्तरार्धात, हीच चाल स्वस्त पडते. एका देशाची किंमत त्याच्या सीमेवर नव्हे, तर इतर तटस्थ देशांत मोजावी लागते, हे या नियमाचे सार आहे.

हे केवळ पटावरचेच तत्त्व नाही. त्याचे एक उदाहरण आपल्या कोकण किनाऱ्यालगतच घडले आहे. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता; त्यामुळे त्याच्या ताब्यातील गोवाही तटस्थ होता. मुरगाव बंदरात 'एरेनफेल्स', 'द्राखेनफेल्स' व 'ब्राउनफेल्स' ही तीन जर्मन आणि 'आन्फोरा' हे एक इटालियन जहाज आश्रयाला होते. 'एरेनफेल्स'वरील यंत्रातून दोस्तांच्या जहाजांची माहिती जर्मन पाणबुड्यांना कळविली जाते, असे इंग्रजांचे म्हणणे होते.

गोव्यावर उघड फौज पाठविणे इंग्रजांना अवघड नव्हते. पण त्यांनी ते केले नाही. 'कलकत्ता लाइट हॉर्स' व 'कलकत्ता स्कॉटिश' या हौशी दलांतील १८ जण निवडण्यात आले. त्यांतले बरेचसे व्यापारी पेशाचे, मध्यम वयाचे गृहस्थ होते. 'फीबी' नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीतून ते ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगावात शिरले आणि 'एरेनफेल्स'वर चढले. जर्मनांनी आपले जहाज स्वतःच बुडविले. उरलेल्या तिन्ही जहाजांच्या खलाशांनीही ती शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून नष्ट केली. या कामगिरीबद्दल कोणालाही पदक मिळाले नाही, आणि १९७८ साली जेम्स लीझर यांचे पुस्तक येईपर्यंत तिची हकीकत गुप्तच राहिली.

एवढी लपवाछपवी कशासाठी? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रज सैन्य अझोर्स बेटांवर उतरले, ते पोर्तुगालच्या संमतीने, १३७३ च्या जुन्या तहाचा आधार घेऊन. अटलांटिकमधील पाणबुड्यांवर विमानांनी पाळत ठेवण्यास ती बेटे फार मोलाची होती. मार्चमध्ये गोव्यावर उघड चढाई झाली असती, तर ही संमती मिळणे कठीण झाले असते, हे उघड आहे.

मात्र पट आणि जग यांत एक भेद उरतोच. पटावरील तटस्थ देश म्हणजे एक रंगीत घर व काही सोंगट्या. गोव्यात माणसे राहत होती. तटस्थ राहण्याचा निर्णय त्यांना विचारून झाला नव्हता, आणि त्या तटस्थतेचा भंगही त्यांना विचारून झाला नाही. पोर्तुगालची सत्ता तेथून डिसेंबर १९६१ मध्ये गेली. खेळातील नियम किमतीचा हिशेब शिकवितो. ती किंमत कोणाच्या दारात वसूल झाली, हे मात्र इतिहासालाच विचारावे लागते.