8 सामने, 22 गोल

मोहालीच्या आंतरराष्ट्रीय हॉकी स्टेडियमला 25 मे 2021 रोजी बलबीरसिंग सीनियर यांचं नाव मिळालं. बरोबर वर्षभरापूर्वी, मोहालीतल्याच इस्पितळात, वयाच्या 96व्या वर्षी ते गेले होते. ‘सीनियर’ ही पुस्ती हॉकीवाल्यांनी नाइलाजाने जोडलेली. पुढे या नावाचे खेळाडू इतके झाले, की 1968च्या मेक्सिको ऑलिंपिकला गेलेल्या आपल्या एका संघातच तीन बलबीरसिंग होते.

त्यांच्याविषयी बोलताना तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं आधी सांगितली जातात, आणि ते योग्यच. पण मला दुसरा हिशेब जास्त बोलका वाटतो. तिन्ही ऑलिंपिक मिळून ते खेळले अवघे 8 सामने, आणि गोल केले 22. गोल एवढे कसे, हे सेंटर फॉरवर्डला विचारायचं; सामने इतके कमी का, हे मात्र निवड करणाऱ्यांना विचारायला हवं.

बलबीर मोग्यात वाढले. वडील दलीपसिंग दोसांज स्वातंत्र्यसैनिक, इंग्रजांच्या तुरुंगात जाऊन आलेले. अमृतसरच्या खालसा कॉलेजात हरबैलसिंग या प्रशिक्षकांनी त्यांचा खेळ घडवला. त्यांचं नाव होऊ लागलं तसा पंजाब पोलिसांचा गोरा प्रमुख जॉन बेनेट त्यांना आपल्या संघात ओढू लागला. वडिलांना डांबणाऱ्या खात्याचा गणवेश घालायची बलबीरांची तयारी नव्हती. ते दिल्लीला निघून गेले. तेव्हा पोलिसांनी त्यांना बेड्या घालून जालंधरला परत आणलं! खेळाडूंच्या कोट्यातली अशी भरती दुसरी झाली नसेल.

1948च्या लंडन ऑलिंपिकसाठी संभाव्य खेळाडूंच्या पहिल्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. ते मागाहून आलं. अर्जेंटिनाविरुद्ध संधी मिळाली आणि भारताच्या 9 गोलांपैकी 6 त्यांनी केले. एवढं केल्यावर कुणीही पुढच्या सामन्यात खेळेल असं आपण धरून चालतो. बलबीर थेट अंतिम सामन्यात उतरले. मधल्या काळात लंडनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांनी उच्चायुक्त कृष्ण मेनन यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं, असं सांगतात. 12 ऑगस्टला वेम्बलीवर, कालपर्यंत राज्य करणाऱ्या ब्रिटनविरुद्ध, पहिले दोन्ही गोल त्यांचे. भारत 4-0 ने जिंकला. किशनलाल कर्णधार होते, आणि संघात मुंबईचे लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा यांच्यासारखे खेळाडू. हॉकी म्हणजे पंजाब, असं आज म्हणणाऱ्यांनी ती यादी एकदा पाहावी.

हेलसिंकी, 1952. उद्घाटनाला तिरंगा बलबीरांच्या हाती होता. मराठी माणसाला त्या स्पर्धेतला 23 जुलै पाठ असतो, कारण त्या दिवशी गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य मिळवलं. दुसऱ्याच दिवशी हॉकीचा अंतिम सामना झाला. उपांत्य फेरीत ब्रिटनविरुद्ध तिन्ही गोल बलबीरांचे होते. आता नेदरलँड्सविरुद्धच्या 6-1 मध्ये 5 त्यांचे. पुरुष हॉकीच्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात एकट्याने केलेले ते सर्वाधिक गोल. आधीचा विक्रम इंग्लंडच्या रेगी प्रिडमोरच्या 4 गोलांचा होता, तोही 1908चा. के. डी. सिंग बाबूंसारखा पास देणारा कर्णधार सोबत होता हे खरं. पण डीमध्ये आलेला चेंडू अडवत न बसता धावता धावता गोलात मारण्याची घाई बलबीरांची स्वतःची होती. भारताच्या त्या स्पर्धेतल्या 13 गोलांपैकी 9 त्यांचे.

मेलबर्नला, 1956 मध्ये, ते कर्णधार. अफगाणिस्तानला 14 गोल मारले, त्यात त्यांचे 5. त्याच सामन्यात उजव्या हाताचं बोट मोडलं. संघाने ही गोष्ट बाहेर फुटू दिली नाही. समोरचे संघ त्यांच्या मागे दोन-दोन माणसं लावत, आणि दुखापत कळली असती तर ती माणसं मोकळी झाली असती. उरलेले साखळी सामने ते बाहेर बसले. उपांत्य आणि अंतिम सामना मोडलेल्या बोटाने खेळले. पाकिस्तानविरुद्धचा एकमेव गोल रणधीरसिंग जेंटल यांनी पेनल्टी कॉर्नरवर केला. गोलांच्या कोष्टकात त्या दिवशी बलबीरांच्या नावापुढे शून्य आहे. मला तो त्यांच्या मोठ्या सामन्यांपैकी एक वाटतो.

1957 मध्ये पद्मश्री मिळाली. खेळाडूला मिळालेली ती पहिलीच. नंतर पंजाबच्या क्रीडा खात्यात अधिकारी म्हणून वर्षं गेली. 1975च्या विश्वचषकाआधी चंदीगडला शिबिर भरलं, तेव्हा संघाचे व्यवस्थापक तेच होते. त्या दिवसांत वडील वारले, पत्नी आजारी पडली, तरी शिबिर त्यांनी सोडलं नाही. क्वालालंपूरला अजितपालसिंगच्या संघाने पाकिस्तानला 2-1 ने हरवलं. पुरुषांचा हॉकी विश्वचषक भारताने तेवढा एकदाच जिंकला आहे.

1985 मध्ये दिल्लीत क्रीडा संग्रहालय होणार म्हणून त्यांनी 36 पदकं, मेलबर्नचा कर्णधाराचा ब्लेझर आणि शंभराच्या आसपास छायाचित्रं भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे दिली. संग्रहालय झालं नाही. 2012 मध्ये लंडन ऑलिंपिकच्या प्रदर्शनात 16 थोर ऑलिंपिकपटूंमध्ये भारतातून एकटे बलबीर निवडले गेले. प्रदर्शनासाठी आपल्या वस्तूंची त्यांनी विचारणा केली, तर त्या सापडेनात. वर्षानुवर्षं पत्रव्यवहार झाला, माहिती अधिकारात अर्ज झाले. त्यांच्या हयातीत काही परत आलं नाही. ऑलिंपिकची तीन सुवर्णपदकं तेवढी त्यांनी स्वतःजवळ ठेवली होती, म्हणून ती राहिली.