आराखडा ज्याचा त्यानेच लिहावा

पीएच.डी.च्या मुलांना आपण संशोधन शिकवतो. माणसं सांभाळणं, पैशांचा हिशेब मांडणं, मतभेद तोंडावर पण शांतपणे बोलणं, हे कुणीच शिकवत नाही. पदवी मिळाली की मात्र त्यांनी लगेच प्रकल्प किंवा कंपनीतली टीम चालवावी, अशी अपेक्षा असते. रसायनशास्त्रातली गाइड म्हणून माझं ठाम मत आहे, की ही तयारी विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या आराखड्यापासून सुरू होते.

अमेरिकेत ही पद्धत रुळली आहे. ‘सायन्स’ नियतकालिकाच्या करिअर विभागाने २०१२ मध्ये असा वैयक्तिक विकास आराखडा लिहिण्यासाठी ‘मायआयडीपी’ हे मोफत साधन आणलं. आपली कौशल्यं आणि आवडी तपासायच्या, वर्षभराची उद्दिष्टं लिहायची, मग गाइडशी बोलायचं.

माझ्या एका विद्यार्थिनीने दुसऱ्या वर्षी लिहिलं, ‘लॅब मीटिंगमध्ये मी गप्प बसते. दिवाळीपर्यंत एक मीटिंग मी चालवणार.’ खाली तयारी: विषय आदल्या दिवशी कळवायचे, ज्युनिअरना आधी बोलू द्यायचं, कोण काय करणार ते फळ्यावर लिहायचं. त्या मीटिंगमध्ये सॉल्व्हंटच्या ऑर्डरवरून दोन सीनिअर जुंपले. तिने स्टोअरचं रजिस्टर मागवलं, शिल्लक सगळ्यांसमोर वाचून दाखवली आणि ऑर्डरचं काम एकाच्या नावावर लिहिलं. वाद तिथेच मिटला. मी मध्ये पडले नाही. गाइडला तेवढं जमायलाच हवं.

नुसतं ‘नेतृत्वगुण वाढवणे’ असं लिहून आणलं, तर ते पान मी परत देते. कुणाबरोबर, कोणतं काम, कधीपर्यंत, हे त्यात हवंच.

यासाठी नवी समिती नको. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडतोच. शिवाय त्याला आठवड्याला ४ ते ६ तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचं काम देता येतं. प्रॅक्टिकलची बॅच सांभाळताना वीस मुलांना एकाच वेळी कामाला लावणं, हे नेतृत्वाचंच शिक्षण आहे. पण ते आराखड्यात आलं नाही, तर वेठबिगारी वाटते.

गाइड मंडळींना विनंती आहे: पुढच्या समितीच्या बैठकीआधी अर्धा तास काढून विद्यार्थ्याचा आराखडा ऐका, आणि त्यावर गुण देऊ नका. विद्यार्थ्यांनो, गाइडने विचारलं नाही, तर तुम्ही स्वतःहून वेळ मागा.