बौद्ध उपासनाविधी, आधुनिक

महाराष्ट्रातील नवदीक्षित बौद्धांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीकारलेली गृहस्थांची पूजापद्धती. तिच्यातील बहुतेक गाथा प्राचीन पाली वाङ्मयातील व थेरवादी पूजापरंपरेतील असल्या, तरी त्यांची निवड आणि प्रयोजन आधुनिक आहे. तिची मूळ घडण भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी १९५१ ते १९५६ या काळात केली. एखाद्या प्रदेशातून लुप्त झालेल्या धर्माचे पुनरुज्जीवन करताना नवा विधी का लागतो, तो कोणत्या साधनांतून उभा राहतो आणि त्याला कोणत्या अडचणी येतात, हे समजण्याच्या दृष्टीने ही पद्धती महत्त्वाची आहे.

पूर्वपीठिका : पश्चिम महाराष्ट्रात बौद्ध धर्माचे दगडी अवशेष विपुल आहेत. पुणे जिल्ह्यात कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी प्रसिद्ध असून देहू रोडजवळच्या डोंगरात शेलारवाडीची (घोराडेश्वर) लेणी आहेत. कार्ले येथील लेखांत सुतार, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, यवन उपासक अशा दात्यांची नावे आढळतात. दान कोणी दिले हे त्यांवरून कळते; चैत्यासमोर उभे राहून तो उपासक काय म्हणत असे, हे कळत नाही. पुढे बौद्ध संघ नाहीसा झाला आणि काही लेण्यांत इतर देवतांची पूजा सुरू झाली. शेलारवाडीच्या लेण्यात आज शिवलिंग आहे. वास्तू राहिली, पण उपासनेची परंपरा तुटली. श्रीलंका व ब्रह्मदेश (म्यानमार) येथे मात्र पाली ग्रंथ आणि त्यांचे पठण अखंड चालू राहिले. महाराष्ट्रातील नव्या विधीला लागणारी सामग्री तेथून मिळाली.

प्राचीन धर्मावरून आधुनिक उपासना रचण्याचे प्रयत्न इतरत्रही झाले आहेत. सिरियातील रास शामरा (प्राचीन उगारित) येथे १९२९ पासून झालेल्या उत्खननात मातीच्या पाट्यांवरील देवकथा आणि बलिविधींच्या याद्या सापडल्या. त्यांतून एल, बाल, अनात इ. कनानी देवतांविषयी विस्तृत माहिती मिळाली आणि तिच्या आधारे पाश्चात्त्य देशांतील काही लहान गटांनी आपापल्या उपासना बांधल्या. तेथे जिवंत परंपरा नसल्याने मजकुरातील रिकाम्या जागा कल्पनेने भराव्या लागतात. शिवाय पशुबलीसारखे मूळ अंग बहुधा सोडून द्यावे लागते. महाराष्ट्रात शब्द उपलब्ध होते. ते कोणी, केव्हा व कशासाठी म्हणावयाचे, हे ठरवणे बाकी होते.

पुरोहिताविना संस्कार करण्याची वाट महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी आधीच घालून दिली होती. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेच्या वर्षीच, १८७३ मध्ये, ब्राह्मण पुरोहिताशिवाय विवाह लागला आणि १८८७ मध्ये फुल्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधींची पुस्तिका प्रसिद्ध केली. सत्यशोधक विधी नव्या मराठी रचनेवर उभा होता. आंबेडकरांनी प्राचीन पाली गाथांचा आधार घेतल्यामुळे नवा समाज आशियातील बौद्ध जगाशी थेट जोडला गेला. मराठी वाचकांना पाली वाङ्मयाचा परिचय करून देण्याचे कार्य त्यापूर्वी धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी केले होते.

विधीची घडण : आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवले येथे धर्मांतराची घोषणा केली. १९५० मध्ये ते श्रीलंकेतील बौद्ध परिषदेस गेले व तेथील आचार त्यांनी जवळून पाहिले. १९५१ मध्ये त्यांनी बौद्ध उपासना पाठ ही पुस्तिका संकलित केली. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहू रोड येथील विहारात त्यांच्या हस्ते रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना झाली. चाकण–महाळुंगे औद्योगिक पट्ट्याच्या नैर्ऋत्येस असलेल्या या छावणीच्या गावी दरवर्षी त्या दिवशी मोठा मेळावा भरतो. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभेची स्थापना झाली व १९५६ मध्ये बौद्ध पूजा पाठ ही पुस्तिका निघाली.

दीक्षाविधी : नव्या पद्धतीचा गाभा म्हणजे गृहस्थाची दीक्षा. प्राचीन काळी भिक्षूसाठी प्रव्रज्या व उपसंपदा हे स्वतंत्र विधी होते. गृहस्थाला संघाचा सदस्य करणारा तशा तोडीचा विधी नव्हता. उपासक संघाला दान देई आणि त्याच वेळी इतर देवतांचीही पूजा करू शके. भारतातील बौद्ध धर्माच्या ऱ्हासाचे हे एक कारण होय, असे मत आंबेडकरांनी १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या द बुद्ध अँड हिज धम्म या ग्रंथात मांडले आहे. अस्पृश्य मानलेल्या समाजाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ धर्मशास्त्रीय नव्हता. जुने आचार चालू राहिले, तर त्यांच्याबरोबर जातीतील जुने स्थानही चालू राहण्याचा धोका होता.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे कुशीनगरचे महास्थविर चंद्रमणी यांनी आंबेडकर व सविता आंबेडकर यांना त्रिशरण व पंचशील दिले. त्यानंतर आंबेडकरांनी स्वतः उपस्थित लाखो अनुयायांना दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. भिक्षू नसलेल्या व्यक्तीने दीक्षा देणे हा परंपरेतील मोठा बदल होता. प्रतिज्ञांत हिंदू देवतांची उपासना, बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याची समजूत, श्राद्ध व पिंडदान आणि ब्राह्मणाकरवी क्रियाकर्म यांचा त्याग असून समता, अष्टांगिक मार्ग व दहा पारमिता यांचा स्वीकार आहे. श्रीलंकेत किंवा ब्रह्मदेशात त्रिशरण-पंचशील प्रत्येक प्रसंगी म्हटले जाते. तेथे ते नित्यपाठाचे अंग आहे. नागपूरला प्रतिज्ञांची जोड मिळाल्याने त्याच शब्दांना धर्मांतराचे सामर्थ्य आले.

नित्य पूजा : घरी किंवा विहारात बुद्धमूर्ती अथवा प्रतिमा आणि बहुधा आंबेडकरांची प्रतिमा मांडतात. मेणबत्ती व उदबत्ती लावून फुले वाहतात आणि गुडघे टेकून तीन वेळा पंचांग प्रणाम करतात. त्यानंतर बुद्धाला त्रिवार नमन, त्रिशरण, पंचशील, पुष्प-दीप-सुगंध पूजेच्या गाथा आणि बुद्ध, धम्म व संघ यांची वंदना असा क्रम असतो. प्रसंगानुसार महामंगलसुत्त, करणीयमेत्तसुत्त, रतनसुत्त व जयमंगल अष्टगाथा म्हणतात आणि त्रिवार साधुकाराने समाप्ती करतात. अनेक ठिकाणी पुढे भीमस्तुतीची भर पडली आहे.

या पूजेत वरयाचना नाही. वाहिलेले फूल कोमेजते तसा देहही नाशवंत आहे, या जाणिवेसाठी पुष्पपूजा असते. पंचशीलाचे स्वरूपही आज्ञेचे नाही. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य व मद्य यांपासून दूर राहण्याचा नियम उपासक स्वतः पत्करतो. मुहूर्त, सोवळे किंवा जन्मसिद्ध पुरोहित यांची गरज नसल्याने भाड्याच्या एका खोलीतही पूजा होऊ शकते. गाव सोडून पिंपरी-चिंचवड किंवा चाकण परिसरात कामासाठी आलेल्या कुटुंबांना ही सोय उपकारक ठरणारी आहे. आषाढी ते आश्विनी पौर्णिमा या वर्षावासाच्या काळात आंबेडकरांच्या उपरोक्त ग्रंथाचे विहारांत सामूहिक वाचन होते.

संस्कारविधी : दीक्षेनंतर विवाह, नामकरण, गृहप्रवेश, मृत्यू या प्रसंगी काय करावे, हा प्रश्न तातडीचा झाला. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सु. २८ लाख बौद्धांची नोंद झाली. दहा वर्षांपूर्वी ही संख्या काही हजारच होती. एवढ्या समाजाला पुरेसे भिक्षू नव्हते. त्यामुळे भारतीय बौद्ध महासभेने प्रशिक्षण दिलेले गृहस्थ ‘बौद्धाचार्य’ संस्कार करू लागले.

४ डिसेंबर १९५६ रोजीच्या एका पत्रात आंबेडकरांनी विवाहाची रीत सांगितली. तीत होम व सप्तपदी नाहीत. वधूवरांमध्ये पाटावर पाण्याने भरलेले नवे मडके ठेवावे, त्यातील सुताची दोन टोके दोघांनी धरावीत आणि मंगलसुत्त म्हणावे. दोघांची वस्त्रे पांढरी असावीत. पाण्याचा घट व सूत ही थेरवादी परित्राणपाठातील परिचित साधने होत. मृत्यूनंतर जलदान व पुण्यानुमोदन हा विधी करतात.

१९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या कक्षेत बौद्धही येतात. त्याच्या सातव्या कलमानुसार विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी व्हावा लागतो आणि रूढी म्हणजे दीर्घकाळ सातत्याने व एकसारखा पाळलेला नियम, अशी व्याख्या आहे. नव्याने घडलेला विधी रूढी केव्हा ठरतो, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित झाला. पत्नीचा पोटगीचा व मुलांचा वारसाचा हक्क विवाहाच्या वैधतेशी निगडित असल्याने विधीतील एकसारखेपणा व विवाहनोंदणी यांना व्यावहारिक महत्त्व आहे.

मतभेद व विकास : या पद्धतीविषयी समाजात दोन ओढी दिसतात. बुद्धिवादी मतानुसार विधी शक्य तितका अल्प असावा. जलदानाला दहाव्या-तेराव्याचे रूप येणे, लग्नात हळद व मंगळसूत्र टिकून राहणे आणि अर्थ न कळता पाली गाथा म्हणणे यांवर ते आक्षेप घेतात. दुसऱ्या बाजूस, जन्म-मृत्यूच्या प्रसंगी केवळ निषेध पुरत नाही, दुःख व आनंद व्यक्त करण्यास काही रूप लागते, असे प्रतिपादन केले जाते. गाथांबरोबर मराठी अर्थ देणाऱ्या पुस्तिकांनी पहिल्या आक्षेपाला काही अंशी उत्तर दिले आहे. १९७९ पासून कार्य करणाऱ्या त्रैलोक्य बौद्ध महासंघाने शांतिदेवाच्या बोधिचर्यावतारावर आधारलेली सप्तांग पूजा व ध्यानसाधना यांची भर घातली. पुण्याजवळ दापोडी येथे त्याचा महाविहार आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सु. ६५ लाख बौद्ध होते. दीक्षेनंतर जन्मलेल्या पिढ्यांना ही पूजा नवी वाटत नाही. ती त्यांना आईवडिलांकडून मिळालेली आहे. या पिढ्यांच्या दृष्टीने तिचे धर्मांतराचे कार्य मागे पडून शीलाचे नित्य स्मरण हे तिचे मुख्य प्रयोजन उरते. तिचा कस यापुढे त्या स्मरणावरच लागणार आहे.