नको ते न्यूजग्रुप यादीबाहेर
यूझनेट ही 1980 साली सुरू झालेली चर्चाव्यवस्था. तिच्यात ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’सारखे हजारो गट, म्हणजे न्यूजग्रुप, आहेत. अहिल्यानगरमधल्या एखाद्या कॉलेजने लीफनोड हा छोटा साठवण-सर्व्हर बसवला, तर तो वाचकांनी उघडलेल्या गटांतलेच लेख आणून ठेवतो; आठवडाभर तिकडे कोणी फिरकलं नाही, की आणणं थांबवतो. गटांच्या नावांची यादी मात्र पूर्ण येते. ती आटोपशीर करायची, तर सेटिंगच्या फाइलमध्ये लेख जिथून येतात त्या मूळ सर्व्हरच्या नोंदीखाली नावांचा साचा लिहावा, म्हणजे उदाहरणार्थ ‘सॉक’ने सुरू होणारे तेवढेच गट घेतले जातील. मग यादी नव्याने मागवावी, नाहीतर जुनी नावं तशीच राहतात. वाचकाने स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये गट लपवला, तर तो त्याच्यापुरताच दिसेनासा होतो. सर्व्हरवर काही बदलत नाही.