फ्रेम रिले जाळ्याचे घटक आणि परीक्षणयंत्राची जोडणी

भाषेत काही शब्द असे असतात की, ते कोणी व कोठे उच्चारले हे कळल्याखेरीज त्यांचा अर्थ लागत नाही. 'येथे', 'उद्या', 'मी' हे असे शब्द होत. संदेशवहनाच्या तंत्रातही अशी स्थानसापेक्ष चिन्हे आढळतात. त्यांचे स्थान विसरले गेले तर केवळ अर्थाचा नव्हे, तर दोष कोणाचा या निर्णयाचाही विपर्यास होतो. फ्रेम रिले ही पद्धती या दृष्टीने उद्बोधक आहे. तिचे घटक कोणते आणि त्यांवर परीक्षणयंत्र कोठे व कसे जोडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९७६ साली प्रमाणित झालेल्या एक्स.२५ पद्धतीत प्रत्येक टप्प्यावर चूक तपासून दुरुस्त करण्याची व्यवस्था होती. तारा सदोष होत्या तोवर हा खटाटोप आवश्यकच होता. पुढे वाहिन्या सुधारल्या आणि हे श्रम अनाठायी वाटू लागले. आंतरराष्ट्रीय समितीने १९८८ साली आय.१२२ या शिफारशीत जी नवी रूपरेषा मांडली, तीतून फ्रेम रिलेचा उदय झाला. येथे स्विच चूक शोधतो, परंतु दुरुस्त करीत नाही. बिघडलेली फ्रेम तो निमूटपणे टाकून देतो. दुरुस्तीचा भार दोन टोकांच्या संगणकांवर असतो. १९९० च्या दशकात या सेवेचा मोठा प्रसार झाला. २००० नंतर एमपीएलएस व इंटरनेटवर आधारलेल्या सेवांनी तिची जागा घेतली.

घटक पाहू. ग्राहकाकडे राउटर असतो. त्याला व्ही.३५ सारख्या जोडाने रेषा-जुळवणी यंत्र जोडलेले असते. तेथून प्रवेशवाहिनी निघते. तिचा वेग अमेरिकी पद्धतीत सेकंदाला १.५४४ मेगाबिट, तर युरोपीय पद्धतीत २.०४८ मेगाबिट असतो. ही वाहिनी सेवादात्याच्या स्विचवर संपते, आणि अनेक स्विच परस्परांशी जोडून जाळे सिद्ध होते. एकाच प्रवेशवाहिनीवरून अनेक कायम आभासी मंडले जातात. कोणती फ्रेम कोणत्या मंडलाची, हे तिच्या शीर्षातील दहा बिटांचा क्रमांक सांगतो. त्याला डीएलसीआय म्हणतात.

हा क्रमांक गंतव्याचे नाव नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तो केवळ राउटर व त्याच्या शेजारचा स्विच यांच्यापुरता खरा असतो. 'अ' या टोकाला जे मंडल १०० आहे, तेच 'ब' या टोकाला २०० असू शकते. मधला प्रत्येक स्विच क्रमांक बदलतो. सबब 'क्रमांक १०० बंद आहे' ही तक्रार, कोणत्या टोकाचा १०० हे न सांगता केली, तर ती निरर्थक ठरते.

गर्दीची सूचना देणारे दोन बिटही असेच दिशासापेक्ष आहेत. गर्दी झाली असता स्विच त्याच दिशेने जाणाऱ्या फ्रेमवर 'पुढे' ही खूण करतो, आणि उलट दिशेने जाणाऱ्या फ्रेमवर 'मागे' ही खूण करतो. त्यामुळे 'अ' टोकाशी येणाऱ्या फ्रेमवर 'मागे' ही खूण दिसली, तर 'अ' कडून 'ब' कडे जाणारा मार्ग तुंबला आहे, असा अर्थ होतो.

परीक्षणयंत्र तीन प्रकारे जोडता येते. पहिला प्रकार श्रवणाचा. वाहिनीवरील निरीक्षण-जोडातून दोन्ही दिशांचे संकेत वेगवेगळे घ्यावयाचे. या जोडातील संकेत मुद्दाम सुमारे २० डेसिबलने क्षीण केलेला असतो, म्हणून यंत्र त्यानुसार लावावे. चालू वाहिनीला यंत्र थेट समांतर जोडावयाचे असेल, तर त्याचा अवरोध उच्च ठेवला पाहिजे. वाहिनीच्याच १०० ओहमांचा भार लावल्यास निरीक्षकच संकेत दुर्बळ करतो. दुसरा प्रकार मध्यस्थीचा. यात वाहिनी तोडून यंत्र मध्ये घालतात. जोडताना सेवा क्षणभर खंडित होते.

तिसरा प्रकार अनुकरणाचा. राउटर काढून यंत्र त्याची भूमिका घेते. येथे एक अडचण आहे. सामान्यतः राउटर दर दहा सेकंदांनी स्विचला स्थिती विचारतो व स्विच उत्तर देतो. हा संवाद थांबला आणि चारपैकी तीन प्रसंग चुकले, की स्विच ती वाहिनी बंद मानतो. म्हणून यंत्रालाही हाच संवाद करता आला पाहिजे. तोही योग्य प्रकाराचा, कारण प्रमाणित प्रकारात तो क्रमांक ० वर, तर उत्पादकांच्या मूळ प्रकारात १०२३ वर चालतो. प्रकार चुकला तर निर्दोष वाहिनीही मृत भासते.

हा संवाद सुरळीत आहे, एवढ्यावरून मंडल निर्दोष आहे असा निष्कर्ष मात्र निघत नाही. तो राउटर व शेजारचा स्विच यांच्यातला असतो. दुसऱ्या टोकाशी फ्रेम पोचली की नाही, हे तो सांगत नाही. फ्रेमवर अनुक्रमही नसतो. त्यामुळे हरवलेल्या फ्रेम मोजावयाच्या असतील, तर दोन्ही टोकांना यंत्रे लावून पाठविलेल्या व आलेल्या फ्रेमची तुलना करणे हाच भरवशाचा मार्ग होय. ग्राहक व सेवादाता यांच्या वादात याच तुलनेवर निवाडा अवलंबून राहतो. मात्र आधी करार पाहावा. हमी सेकंदाला ६४,००० बिटांची असून ग्राहकाने त्याहून अधिक पाठविले, तर जादा फ्रेमवर 'टाकण्यास योग्य' अशी खूण होते. गर्दीत त्या आधी गळतात. अशी गळती हा सेवादात्याचा दोष नव्हे.

लोक निरीक्षणाबाहेर कसे बोलतात हे जाणण्यासाठी निरीक्षणच करावे लागते, हा पेच विल्यम लबॉव यांनी 'सोशियोलिंग्विस्टिक पॅटर्न्स' (१९७२) या ग्रंथात मांडला. श्रवणपद्धतीत यंत्रापुरता हा पेच बव्हंशी सुटतो, कारण वाहिनीला निरीक्षकाची चाहूल लागत नाही. पण नेमकी तीच गोष्ट जबाबदारी वाढविते. फ्रेम रिले स्वतः मजकूर गुप्त करीत नाही. तो अन्यत्र गुप्त केलेला नसेल, तर परीक्षकाला परक्याचे पत्र उघडे मिळते. दोष शोधण्यास बहुधा शीर्ष पुरते. म्हणून फ्रेमचे आरंभीचे थोडेच बाइट नोंदवावे, उरलेले सोडून द्यावे.

आज फ्रेम रिलेचे जाळे अभ्यासकाच्या पाहण्यात क्वचितच येईल. तथापि एमपीएलएसमधील वीस बिटांची खूणही टप्प्याटप्प्याला बदलते व स्थानापुरतीच खरी असते. म्हणून परीक्षणाच्या प्रत्येक नोंदीबरोबर, ती कोणत्या टोकाशी, कोणत्या दिशेने व कोणत्या जोडणीने घेतली, हे लिहिणे अगत्याचे आहे. तेवढे लिहिलेले नसेल, तर आकडे कितीही अचूक असले तरी त्यांवरून दोष कोणाचा हे ठरविता येणार नाही.